गेटवर ओतलेलं पाणी : एकतीस लेकरं आणि बाटलीबंदीचा एक दिवस

लातूर जिल्ह्यातल्या एका गावात आमची जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा आहे. मी गणित शिकवतो आणि खेळाचं सगळं कामही माझ्याकडेच असतं, कारण आमच्यासारख्या शाळेला वेगळा क्रीडाशिक्षक मिळत नाही. मार्च २०२५ मधल्या एका रविवारी आम्ही एकतीस लेकरं घेऊन शेजारच्या जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो होतो. तिथं निमंत्रित खो-खो स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी गेटवर आणि आत जे घडलं ते मी त्याच आठवड्यात वहीत टिपून ठेवलं होतं. पुढचे दहा महिने त्यावर जो पत्रव्यवहार झाला, तोही फाइलला आहे. लेकरांना मैदानावर नेणाऱ्या शिक्षकांना, पालकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना उपयोग व्हावा म्हणून ते सगळं इथं एकत्र लिहितो आहे. मैदानाचं, संयोजकांचं किंवा लेकरांचं नाव मात्र देणार नाही. असलं प्रकरण एका मैदानापुरतं नसतं, आणि नाव छापून कुणाला उघडं पाडणं हा माझा हेतू नाही.

आम्ही तिथं का गेलो, ते आधी सांगतो. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनीही नेपाळलाच ५४-३६ असं. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. धाराशिवची सारिका काळे २०२० मध्ये अर्जुन पुरस्काराची मानकरी झाली, तेव्हापासून आमच्या भागातल्या पोरींना हा खेळ आपला वाटतोच; पण विश्वचषकानंतर शाळेत जे वारं शिरलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मधल्या सुट्टीत डबा सोडून पोरी खुंटाभोवती पळायच्या. त्यांना एकदा मॅटवरचा, प्रकाशझोतातला खरा सामना दाखवायचा, असं मुख्याध्यापकांनी आणि आम्ही ठरवलं. पालकांची संमतीपत्रं घेतली, गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी काढली, प्रासंगिक करारावर एसटी ठरवली. मोठ्यांमध्ये मी, आमच्या एक मॅडम, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि सहावीतल्या एका मुलाची आई. त्या मुलाला टाइप-१ मधुमेह आहे, म्हणून त्या सोबत आल्या होत्या.

पाण्याची तयारी आम्ही मुद्दाम चांगली केली होती. पारा ३८ अंशांवर गेला होता. प्रत्येक लेकराकडे भरलेली बाटली होती, बऱ्याच जणांची स्टीलची. आयांनी बाटलीवर नेलपॉलिशनं नावं घातली होती. एका पालकांनी दहा लिटरच्या कॅनमध्ये जिरं-मीठ घातलेलं ताक दिलं होतं. मधुमेह असलेल्या मुलाच्या पिशवीत साखरेचं पाणी, बिस्किटं, साखर तपासायचं यंत्र आणि इन्शुलिनचं पेन. आम्हाला वाटलं, यापेक्षा जास्त काय लागणार?

गेटवर

दीड वाजता पोहोचलो. तीन वाजता पहिला सामना. गेटच्या कमानीला फ्लेक्स होता, ‘बाहेरील खाद्यपदार्थ व पेय आत नेण्यास सक्त मनाई आहे.’ त्याच्या खाली एक निळं टिप, म्हणजे मोठं पिंप, ठेवलेलं. पाण्याची बाटली आणलेल्या प्रत्येकानं ती टिपात रिकामी करायची आणि रिकामी बाटली शेजारच्या ढिगात टाकायची.

तिकिटं आम्ही आदल्या आठवड्यात तिथल्या एका ओळखीच्या शिक्षकामार्फत काढून ठेवली होती. बाटली नेता येणार नाही हे त्या वेळी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिकिटाच्या मागं बारीक अक्षरात अटी होत्या, पण तिकीट हातात पडलं ते गेटवरच.

गेटवरचा मुलगा विशी-बाविशीतला असेल. मी त्याला म्हटलं, “दादा, ही शाळेची लेकरं आहेत. रात्री आठपर्यंत आत बसायची आहेत.” तो म्हणाला, “सर, मला कळायलंय. पण वरून सांगितलंय. बाटली आत गेली की माझी आजची हजेरी गेली.” मी विचारलं, रिकामी बाटली तरी नेऊ देशील का, आत नळावर भरून घेतील. तेही नाही. “आत स्टॉल हाय, तिथं मिळतंय पाणी.” त्या मुलावर माझा राग नव्हता, आजही नाही. त्याला नियम सांगितला होता, नियमाचं कारण सांगितलं नव्हतं, आणि कुठं सूट द्यायची याचा अधिकार तर कुणीच दिला नव्हता. गेटवर उभ्या असलेल्या माणसाला आपण फक्त ‘नाही’ म्हणायचा अधिकार देतो. सगळा त्रास तिथून सुरू होतो.

मग लेकरांना रांगेत उभं करून, ‘पिऊन घ्या, जेवढं जाईल तेवढं प्या’ असं म्हणावं लागलं. ताक तिथंच उन्हात वाटलं. उरलेलं गेटवरच्या पोरांना दिलं, त्यांनी ते घटाघटा प्यायलं. पाणी मात्र ओतावं लागलं. एकतीस बाटल्यांमधलं पाणी एकामागून एक त्या टिपात पडताना आमचे अध्यक्ष मान वळवून उभे राहिले. ते लातूरकडचे माणूस आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पहिल्यांदा आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दुष्काळामुळं आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं होतं. आमची आठवीतली लेकरं त्या वर्षी चार-पाच वर्षांची होती. या भागात पाहुणा आला की आधी तांब्या पुढं करतात, मग कोण-कुठला विचारतात. इथं लेकरांच्या हातातलं भरलेलं पाणी ओतून घेतलं जात होतं, आणि ते ओतणाऱ्यांत शिक्षक म्हणून मीही होतो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

खरी अडचण पुढं आली. सहावीतल्या मुलाची पिशवी तपासली तेव्हा साखरेच्या पाण्याची बाटली तर अडवलीच, पण इन्शुलिनचं पेन बघून “यात सुई हाय” म्हणून तेही बाजूला काढलं. त्याची आई पुढं झाली. “ओ दादा, ह्याची साखर उतरली तर हे लगेच पाजावं लागतं. स्टॉल शोधत बसायला येळ नसतो. माझ्या हातातनं हे घेऊ नका.” मुलगा मान खाली घालून उभा, मागं रांग खोळंबलेली, लोक बघत होते. आपल्या आजाराबद्दल चारचौघांत बोललं जावं हे कोणत्याच लेकराला आवडत नाही. बारा-पंधरा मिनिटं गेली. शेवटी बंदोबस्तावर असलेल्या एका महिला पोलीस शिपाई ताईंनी पेन पाहिलं, मुलाचं कार्ड पाहिलं आणि स्वतःच्या जबाबदारीवर पिशवी आत सोडली. त्या ताई तिथं नसत्या तर आम्ही काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जावी लागते आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं लागतं. त्या पंधरा मिनिटांचा हिशेब कुठल्याच फ्लेक्सवर नव्हता.

आत

बसायला सिमेंटच्या पायऱ्या. दुपारभर तापलेल्या. सावली पश्चिमेच्या बाजूला, पण ती बाजू पासवाल्यांसाठी राखीव.

स्टॉलवर अर्ध्या लिटरची बाटली वीस रुपयांना. बाटलीवर छापलेली किंमत दहा. मी विचारलं तर स्टॉलवाला म्हणाला, “सर, जागेचं भाडं लई हाय.” एकतीस लेकरांना पाच-सहा तासांत प्रत्येकी तीन बाटल्या धरल्या तर ९३ बाटल्या, म्हणजे १,८६० रुपये. आमच्या सबंध सहलीत जेवणाला एवढा खर्च धरलेला नव्हता. एवढंच पाणी आमच्या गावातल्या आरओ प्लांटवरून जारमध्ये भरून आणलं तर साधारण ४६-४७ लिटरला वीस लिटरचे तीन जार लागतात. तीस रुपयांचा एक जार, म्हणजे नव्वद रुपये. १,८६० आणि ९०. पुढं मी जिथं जिथं अर्ज दिला तिथं हे दोन आकडे सगळ्यात वर लिहिले.

पॅव्हेलियनच्या मागं दोन नळ होते. एक कोरडा. दुसऱ्याला बोअरचं खारं पाणी, आणि ते पिऊ नका असं तिथला माळीच सांगत होता. मॅडमनी आणि मी मिळून पहिल्या खेपेला वीस बाटल्या घेतल्या आणि त्या वाटून पाजल्या. लेकरं समजूतदार होती, दोन-दोन घोट घेऊन बाटली पुढं द्यायची. सामना रंगला होता. नऊ मिनिटांच्या डावात एका पोरीनं पाच गडी टिपले तेव्हा आमच्या पोरी पायऱ्यांवर उभ्या राहून ओरडत होत्या. अशा वेळी कोणतंही लेकरू ‘सर, तहान लागली’ म्हणत नाही.

हे मला तेव्हा नीट कळलं नाही, आता कळतं. मोठ्या माणसापेक्षा लेकराचं शरीर लवकर तापतं. वजनाच्या मानानं त्याच्या त्वचेचा पसारा जास्त असतो, म्हणून बाहेरची उष्णता जास्त आत शिरते, आणि घामानं गार होण्याची त्याची ताकद कमी असते. शिवाय पाणी कधी आणि किती मिळणार हे त्याच्या हातात नसतं. ते मोठ्यांवर अवलंबून असतं. म्हणून लेकराच्या हातात स्वतःची बाटली असणं महत्त्वाचं आहे. खेळ बघता बघता ते नकळत घोट घेतं. पाणी विकत घ्यायचं, त्यासाठी सरांना सांगायचं, रांगेत जायचं, असं झालं की ते तहान दाबून बसतं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, ती मॅडमच्या लक्षात आली. आलेलं पाणीही आठवीतल्या मुली घेत नव्हत्या. मैदानावर बायकांसाठी दोन स्वच्छतागृहं होती, त्यातल्या एकाला कडी नव्हती आणि दुसऱ्यात पाणी नव्हतं. एकदा जाऊन आलेल्या मुलीनं बाकीच्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की पाणी प्यायचं नाही. हे आपल्याकडं शाळांमध्ये, बसस्थानकांवर, बाजारात रोज घडतं. मुली सकाळपासून पाणी टाळतात. त्यामुळं ‘आत फुकट पाणी ठेवा’ एवढ्यावर मागणी थांबवली तर मुलींच्या पोटात ते पाणी जाणारच नाही. या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात जास्त लागला, कारण गेटवरचा नियम उद्या सुटला तरी हे सुटणार नाही.

पावणेसहाला आठवीतली एक मुलगी मॅडमच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. डोकं दुखतंय म्हणाली, मग मळमळायला लागलं. तोंड कोरडं पडलं होतं, हातपाय गळाल्यासारखे. मॅडम घाईनं स्टॉलवर गेल्या आणि ओआरएस असं मोठ्या अक्षरांत छापलेला फळांच्या चवीचा एक खोका घेऊन आल्या. रुग्णवाहिकेतल्या नर्स ताईंनी तो बाजूला ठेवला. “मॅडम, ह्यात साखर लई असती. हे नको,” म्हणत त्यांनी पाकिटातली पावडर एक लिटर पाण्यात कालवून थोडी थोडी पाजली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, त्यात पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. गोड पेयाचं प्रमाण वेगळं असतं. पुढं ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, तेव्हा मला त्या नर्स ताई आठवल्या. पाऊण तासात मुलगी सावरली. अंतिम सामना तिनं रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसून, लोकांच्या पायांमधून पाहिला.

परतताना बाटल्यांच्या ढिगात हात घालून आमच्या एकोणीस सापडल्या. बारा गेल्या. पाचवीतला एक मुलगा बसमध्ये रडत होता, बाटली मामानं दिलेली होती म्हणून.

नियम आला कुठून

पंधरा दिवसांनी मी संयोजकांपैकी एकांना भेटायला गेलो. तेही जुने खो-खोपटू. पोरींच्या डावाबद्दल बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. भांडायला गेलेला माणूस मी नव्हतो आणि टाळणारे तेही नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि तीन कारणं सांगितली.

पहिलं, बाटल्या फेकल्या जातात. मागच्या एका कबड्डी स्पर्धेत पंचांच्या निर्णयावर चिडून कुणीतरी भरलेली बाटली मॅटवर भिरकावली होती. ही भीती खोटी नाही. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात २५२ धावांचा पाठलाग करताना भारत ८ बाद १२० वर आला, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. ऑक्टोबर २०१५ मध्ये कटकला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारत ९२ वर आटोपला तेव्हाही बाटल्यांमुळं खेळ थांबला होता. भरलेली स्टीलची बाटली वरच्या पायरीवरून आली तर खेळाडूचं डोकं फुटेल. आमच्या लेकरांच्या बाटल्याही स्टीलच्याच होत्या, हे मी तिथं मान्य केलं. त्या हिशेबानं आमची तयारीच चुकलेली होती.

पण मग स्टॉलवरून मिळणारी बंद बाटली फेकता येत नाही का? मी हे विचारलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. सुरक्षेसाठी नियम असेल तर आत विकल्या जाणाऱ्या बाटलीचं झाकण काढून द्यायला हवं, किंवा पाणी पेल्यात ओतून द्यायला हवं. तसं काहीच होत नव्हतं.

दुसरं कारण कचरा. हे मला पटण्यासारखं नव्हतं. घरची बाटली घरी परत जाते. कचरा होतो तो विकलेल्या बाटल्यांचा, आणि त्या रात्री पायऱ्यांखाली तोच पडला होता.

तिसरं कारण त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. स्टॉलचा ठेका. ठेकेदारानं तीन दिवसांसाठी जी रक्कम दिली होती त्यातून मॅटचं भाडं निघालं होतं, आणि ‘बाहेरचं पाणी आत येणार नाही’ ही ठेक्याची अट होती. त्यांची अडचण मी समजू शकतो. विश्वचषकानंतर प्रेक्षक वाढले, मॅट आली, दिवे आले, खर्च दुप्पट झाला, आणि प्रायोजक अजूनही क्रिकेटच्याच दारात उभे आहेत. तरीही मॅटचं भाडं लेकरांच्या तहानेतून काढायचं का, हा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांच्याकडं उत्तर नव्हतं आणि त्यांनी ओढूनताणून दिलंही नाही. याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला.

अटींचा मजकूर कुठून घेतला, असं विचारल्यावर कळलं की डेकोरेशनवाल्या मुलानं एका मोठ्या क्रिकेट स्टेडियमच्या तिकिटावरून तो जसाच्या तसा उतरवला होता. मला वाटतं, सगळ्या प्रकरणाची गाठ इथं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक सुरू झाला तेव्हा क्रिकेट नियामक मंडळाचे तेव्हाचे सचिव जय शहा यांनी सगळ्या स्टेडियमवर प्रेक्षकांना पिण्याचं पाणी मोफत मिळेल असं जाहीर केलं होतं. म्हणजे जिथं बाटली अडवली जाते, तिथंच पाण्याची जबाबदारी आपल्यावर येते, हे मोठ्या आयोजकांनीही उघडपणे मान्य केलेलं आहे. आमच्याकडं त्या नियमाचा बंदीचा अर्धा भाग आला आणि पाणी देण्याचा अर्धा भाग तिथंच राहिला. बाटली अडवायचा हक्क संयोजकांना असेल. पाणी अडवायचा नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या गेटवर त्या एकच समजल्या गेल्या.

कागदावर काय हाती लागलं

कायद्यात ‘मैदानावर पाणी न्यायचा हक्क’ असं सरळ वाक्य मला मिळालं नाही. जवळचं मिळालं ते चित्रपटगृहांचं. ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह यांच्या खंडपीठानं, जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात असं म्हटलं की बाहेरचे खाद्यपदार्थ आत येऊ द्यायचे की नाहीत हे ठरवायचा अधिकार चित्रपटगृहाच्या मालकाला आहे. पण त्याच निकालात हेही नोंदवलं आहे की चित्रपटगृहं स्वच्छ पिण्याचं पाणी मोफत देतात आणि आईबापांसोबत तान्हं किंवा लहान मूल असेल तर त्याच्यापुरत्या खाण्याला हरकत घेत नाहीत. हा निकाल मैदानांबद्दल नाही, तो दाखवून कुणी गेट उघडणार नाही. तरी संयोजकांपुढं तो ठेवला तेव्हा बोलणं सोपं झालं. खासगी, वातानुकूलित थिएटर लेकरासाठी एवढं सोडतं, तर सरकारी मैदानावर ३८ अंशांत आपण का सोडू नये, एवढंच मी म्हटलं.

छापील किमतीचा मुद्दा जास्त पक्का होता. वैधमापन कायद्याखालच्या नियमांनुसार पाकीटबंद वस्तू छापील किमतीपेक्षा जास्तीला विकता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉटेल आणि रेस्टॉरंटला बाटलीच्या पाण्यासाठी जी मोकळीक दिली, ती तिथं बसण्याची सोय आणि सेवा असते म्हणून. पत्र्याच्या स्टॉलवर उभं राहून घेतलेल्या बाटलीला ती कशी लागेल? मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिचं पुढं काही झालं नाही, कारण माझ्याकडं बिल नव्हतं, दरफलकाचा फोटो नव्हता आणि स्टॉल तीन दिवसांनी उठून गेला होता. पैसे रोख दिले होते. ज्यांना तक्रार करायची आहे त्यांनी बाटलीवरची छापील किंमत दिसेल असा फोटो तिथल्या तिथं काढावा आणि पैसे मोबाइलवरून द्यावेत, म्हणजे तारीख, वेळ आणि रक्कम राहते. मी हे केलं नाही म्हणून माझी तक्रार कच्ची राहिली.

सगळ्यात उपयोगी पडला तो माहितीचा अधिकार. मैदान भाड्यानं देताना कार्यालय संयोजकांकडून कोणत्या अटींवर सही घेतं, त्याची प्रत मागितली. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तीस दिवसांच्या आत दोन पानं मिळाली. त्यातल्या अकराव्या अटीत लिहिलं होतं की प्रेक्षकांसाठी पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहाची व्यवस्था संयोजकांनी करावी. म्हणजे नियम होताच. फ्लेक्सवर चढला तो दुसरा.

त्या दोन पानांची झेरॉक्स, १,८६० आणि ९० चा हिशेब, मधुमेह असलेल्या मुलाच्या आईनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पानी पत्र आणि आमच्या सूचना, असं सगळं जोडून जूनमध्ये मैदानाच्या कार्यालयाला आणि संयोजकांना दिलं. सूचनांमध्ये आम्ही ‘सगळ्यांना सगळं नेऊ द्या’ असं म्हटलं नाही. काच आणि धातूच्या बाटल्यांना बंदी राहू द्या, पण अर्ध्या लिटरपर्यंतची मऊ, पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली लेकरांच्या हातात राहू द्या. शाळेनं आधी यादी दिली तर वीस लिटरचे जार आणि पेले आत घेऊ द्या. औषधं, साखरेचं पाणी, तान्ह्याचं दूध यांना कुणाचीही परवानगी लागू नये, आणि हे गेटवरच्या माणसाला तोंडी नव्हे तर लेखी द्या. काढून घेतलेल्या बाटलीला टोकन द्या. बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी. नियम तिकीट विकतानाच सांगा.

डिसेंबरची खेप

त्याच मैदानावर डिसेंबर २०२५ मध्ये दुसरी स्पर्धा झाली. संयोजक तेच. या वेळी आम्ही अठ्ठावीस लेकरं नेली. यादी आठ दिवस आधी पाठवली होती. गेटवर एका वेगळ्या टेबलावर शाळांची नोंद होती, आमचे तीन जार आत घेतले, मऊ बाटल्या लेकरांच्या हातात राहिल्या. पॅव्हेलियनजवळ संयोजकांनी स्वतः पाणपोई मांडली होती, माठ, ओगराळं आणि स्टीलचे पेले साखळीनं बांधलेले. स्टॉलवर बाटली दहा रुपयांनाच होती. स्टॉलवाला नवा होता आणि त्याचा धंदाही बरा चालला होता, कारण भजी आणि चहा त्याच्याकडंच होता. सहावीतला मुलगा आता सातवीत आहे. त्याच्या पिशवीकडं कुणी पाहिलंही नाही. तो आपल्या मित्रांच्या मधोमध चालत आत गेला.

स्वच्छतागृहाला कडी बसली होती. पाणी चारपर्यंत होतं, मग संपलं. मुलींनी पुन्हा पाणी पिणं कमी केलं, आणि या वेळी मॅडमनी ते आधीच ओळखून दोघी-दोघींना जवळच्या एका शिक्षिकेच्या घरी नेऊन आणलं. हा काही उपाय नाही. प्रत्येक गावच्या मुलींना मैदानाशेजारी शिक्षिकेचं घर मिळणार नाही.

आणि एक गोष्ट मी गेटजवळ जार मोजत उभा असताना पाहिली. एक जोडपं, बाईच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचं लेकरू, पिशवीत दुधाची बाटली आणि उकळून गार केलेलं पाणी. त्यांना अडवलं. आमचे अध्यक्ष पुढं झाले, संयोजकांचं पत्र दाखवलं. गेटवरचा माणूस ते वाचून म्हणाला, “हे शाळांसाठी हाय. ह्यांची शाळा कुठली?” बाईनं तिथंच, कमानीच्या खांबाआड बसून लेकराला दूध पाजलं आणि पाण्याची बाटली टिपात ओतली. टिप तेच होतं, निळं.

आम्ही सूचनांमध्ये तान्ह्याचं दूध लिहिलं होतं. संयोजकांच्या अंतिम पत्रात तो मुद्दा ‘शालेय गटांसाठी सवलती’ या मथळ्याखाली गेला होता, आणि मला ते पत्र हातात पडलं तेव्हा ते लक्षात आलं नाही. आमचं काम झालं म्हणून मी मथळा वाचलाच नव्हता. त्या मथळ्यात बदल करावा आणि पाच वर्षांखालच्या लेकरासोबत येणाऱ्या कुणालाही दूध, पाणी, औषध नेता यावं, अशी एक ओळ घालण्याची विनंती मी २ जानेवारी २०२६ ला मैदानाच्या कार्यालयात आणि संयोजकांकडं दिली आहे. स्वच्छतागृहाच्या पाण्यासाठी हजार लिटरची टाकी भरून ठेवावी, हेही त्यात आहे. दोन्हींची पोच फाइलला लावली आहे. पुढची स्पर्धा मार्चमध्ये आहे.